मुंबई उपनगरातील भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील घरे : हक्क, मुदत आणि मालकी यांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

मुंबई उपनगर जिल्ह्यातील अनेक सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. अशा इमारतीत घर घेणाऱ्यास हस्तांतरणाची परवानगी, पट्ट्याची उरलेली मुदत, नूतनीकरण, अभिहस्तांतरण व पुनर्विकास असे प्रश्न भेडसावतात. हे प्रश्न सामान्यतः वकिली व्यवहाराचा भाग मानले जातात. प्रस्तुत शोधनिबंधात त्यांची ऐतिहासिक कारणपरंपरा तपासली आहे. साष्टीतील जमीनधारणा, सुधार न्यासाची पट्टापद्धती, १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा, गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती, १९६३ चा मालकी सदनिका कायदा आणि २००८ ची मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद या टप्प्यांतून हा अभ्यास केला आहे. प्रत्येक कायद्याने घरातील ताबा अधिक सुरक्षित केला, मात्र जमिनीच्या मुदतीचा प्रश्न प्रत्येक वेळी पुढे ढकलला गेला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : भाडेपट्टा, साष्टी, गृहनिर्माण मंडळ, भोगवटादार वर्ग-२, अभिहस्तांतरण, मालकी सदनिका.

प्रस्तावना

मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या जीवनात ‘स्वतःचे घर’ या कल्पनेस असाधारण महत्त्व आहे. गिरगाव, दादर, लालबाग येथील चाळींतून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांकडे जी कुटुंबे गेली, त्यांच्या स्थलांतरामागे अधिक जागेची गरज होती, तशीच भाडेकरूचा मालक होण्याची आकांक्षाही होती. परंतु या ‘मालकी’चा कायदेशीर आशय नेमका कोणता, याचा विचार इतिहासलेखनात फारसा झालेला नाही. मुंबईच्या नागरी इतिहासाचे लेखन गिरणगाव, चाळसंस्कृती व झोपडपट्टी यांभोवती अधिक झाले. उपनगरातील सहकारी संस्थेचा सभासद त्या मानाने उपेक्षित राहिला.

सदनिका विकत घेणारा पूर्ण बाजारभाव मोजतो, नोंदणीकृत करारनामा करतो, मुद्रांक शुल्क भरतो आणि संस्थेचे भागप्रमाणपत्र मिळवतो. तरीही पुष्कळदा जमीन त्याची नसते, त्याच्या संस्थेचीही नसते. ती राज्य शासनाची, म्हाडाची, महानगरपालिकेची, एखाद्या न्यासाची किंवा जुन्या जमीनदार घराण्याची असते. संस्था केवळ पट्टेदार असते, आणि सभासदाचा हक्क संस्थेच्या हक्कावर अवलंबून असतो. पट्टाकार, संस्था व सभासद अशी ही तीन मजली रचना आहे. वरच्या मजल्यावरचा माणूस खालच्या दोन मजल्यांची कागदपत्रे सहसा पाहत नाही. ती पाहण्याची वेळ येते ती घर विकताना, कर्ज काढताना किंवा इमारत धोकादायक ठरून पुनर्विकास अटळ होतो तेव्हा.

उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) उपनगरातील पट्टाधारित घरांची ऐतिहासिक उत्पत्ती शोधणे, (२) स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी पट्टेदार व सदनिकाधारक यांच्या हक्कांत कोणते बदल घडवले हे पाहणे, (३) खरेदीदारापुढील कायदेशीर अडचणींचे निराकरण कोणत्या क्रमाने व्हावे याची मांडणी करणे. अभ्यासपद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. कायदे, नियम आणि न्यायनिर्णय हा अभ्यासाचा मुख्य आधार असून कायदा हे एक ऐतिहासिक साधन आहे, ही भूमिका येथे स्वीकारली आहे.

१. साष्टीतील जमीनधारणेची पार्श्वभूमी

आजचे मुंबई उपनगर म्हणजे प्रामुख्याने साष्टी बेटाचा भाग. १५३४ च्या वसईच्या तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने मराठ्यांकडे आला, १७७४ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा कायम झाला. मुंबई बेटाची महसूल व्यवस्था व साष्टीची महसूल व्यवस्था यांत त्यामुळे आरंभापासून अंतर राहिले.

कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साष्टीतील गावे व मोठे भूभाग मुंबईतील धनिकांना, विशेषतः पारशी व्यापारी घराण्यांना, देणगी किंवा पट्ट्याने दिले. फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडील पवईची जमीन हे त्याचे परिचित उदाहरण होय. वांद्र्यापासून बोरिवलीच्या दिशेने बैरामजी जीजीभाई घराण्याची विस्तीर्ण मालमत्ता होती. पडीक जमीन लागवडीखाली यावी व सरकारी उत्पन्न वाढावे, हा या व्यवस्थेचा हेतू होता. त्या काळी कोणी येथे नगराची कल्पना केली नव्हती. शेतीसाठी आखलेल्या या हक्कांवर पुढील शतकात नगर वसले, ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

स्वातंत्र्यानंतर ‘साष्टी इस्टेट्स (जमीन महसूल सूट रद्द) अधिनियम, १९५१’ संमत झाला व १ मार्च १९५२ पासून अमलात आला. इस्टेटधारकांची महसूल सूट संपली, आणि १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी ज्या पडीक जमिनी इस्टेटधारकाने वापरात आणल्या नव्हत्या त्या शासनाकडे गेल्या. परंतु कोणती जमीन ‘वापरात आणलेली’ होती, हा वस्तुस्थितीचा प्रश्न होता व त्यावरून दीर्घकाळ वाद झाले. उपनगरातील एखाद्या इमारतीच्या जमिनीचा शोध घेताना काही ठिकाणी थेट या कायद्यापर्यंत जावे लागते, त्याचे कारण हेच होय.

२. इमारती पट्ट्याची पद्धती

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये ‘मुंबई शहर सुधार न्यास’ स्थापन झाला. न्यासाने जमिनी संपादून रस्ते काढले, भूखंड पाडले आणि ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. भूखंड लिलावात घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या किमतीची इमारत बांधायची व त्यानंतर न्यासाने त्यास ९९ किंवा ९९९ वर्षांचा पट्टा करून द्यायचा, असा हा व्यवहार असे. नगररचनेवर नियंत्रण राहावे व जमिनीच्या वाढत्या किमतीचा काही अंश सार्वजनिक संस्थेकडे यावा, हे त्यामागील तत्त्व होते. १९३३ मध्ये न्यासाचे काम महापालिकेकडे गेले, पण पट्ट्याची ही रीत शासन व सार्वजनिक संस्था यांनी पुढे चालू ठेवली.

१९१५ च्या नगररचना कायद्यानंतर आणि १ ऑक्टोबर १९२० रोजी ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाल्यानंतर साष्टीच्या नागरीकरणास वेग आला. याच सुमारास सहकारी गृहनिर्माणाची चळवळ उभी राहिली. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था (१९१५) व वांद्र्याची साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था (१९१८) या तिच्या आरंभीच्या संस्था होत. संस्थेने जमीन धारण करावी आणि सभासदाने संस्थेमार्फत घर उपभोगावे, हा नमुना येथून रूढ झाला.

इमारती पट्ट्याचे कायदेशीर स्वरूप समजण्यास एक मूलभूत मुद्दा पाहणे आवश्यक आहे. जमिनीस जे कायम जोडले गेले ते जमीनमालकाचे, हे इंग्रजी कायद्यातील तत्त्व भारतात त्याच कठोरतेने स्वीकारले गेले नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ (ह) अन्वये पट्टेदारास आपण उभारलेले बांधकाम काढून नेता येते. मुंबईतील एका पट्ट्यावरून उद्भवलेल्या धैर्यवान विरुद्ध ठाकूर (१९५८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जमिनीची मालकी एकाची व इमारतीची दुसऱ्याची असू शकते, हे स्पष्ट केले. मात्र हे सारे पट्ट्यातील शर्तींच्या अधीन असते. मुदतीअखेर इमारत पट्टाकाराची होईल असे पट्ट्यात लिहिले असेल, तर ते कलम प्रभावी ठरते. म्हणजेच घराचे भवितव्य सर्वसाधारण कायद्यापेक्षा एका विशिष्ट दस्तऐवजातील विशिष्ट वाक्यावर अवलंबून राहते.

भाटिया सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात (१९५२) याचा प्रत्यय आला. सुधार न्यासाच्या भूखंडावर पट्टेदाराने स्वखर्चाने बांधलेली इमारत पट्ट्याच्या शर्ती पाहता न्यासाची, म्हणजे स्थानिक प्राधिकरणाची, ठरते. त्यामुळे तीमधील भाडेकरूंना भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. राज्याने १९५३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अशा इमारती संरक्षणाच्या कक्षेत आणल्या. न्यायालयाने शर्तींचा अर्थ लावायचा आणि विधिमंडळाने तातडीने रहिवाशांचा ताबा वाचवायचा, हा क्रम पुढेही दिसतो.

३. भाडेनियंत्रण आणि पट्टेदाराची निश्चिंती

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानून गोठवले. या कायद्याचा चाळींवरील परिणाम सर्वज्ञात आहे. त्याचा जमिनीच्या पट्ट्यांवरील परिणाम मात्र दुर्लक्षित राहिला. या कायद्यातील ‘जागा’ या संज्ञेत शेतीसाठी न वापरली जाणारी जमीनही अंतर्भूत होती. परिणामी खाजगी मालकाकडून जमीन पट्ट्याने घेणाऱ्या पट्टेदारास मुदत संपल्यावरही भाडेकरू म्हणून संरक्षण मिळू शकत होते. भुईभाडे अल्प, मुदत संपली तरी ताबा कायम, अशा स्थितीत नूतनीकरणाचा आग्रह धरण्याचे कारण पट्टेदारास उरले नाही. अल्प भाड्यासाठी खटपट करण्यात मालकालाही स्वारस्य राहिले नाही. मालकाचे वारस विखुरले, भाडे वसूल होईनासे झाले, पण अभिलेखावर त्यांचे नाव तसेच राहिले. आज अनेक संस्थांना पट्टाकाराचा ठावठिकाणाच लागत नाही, त्याचे एक मूळ येथे आहे.

३१ मार्च २००० रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ मधील ‘जागा’ची व्याख्या इमारत व तिचे भाग यांच्याभोवती रचली आहे, मोकळ्या जमिनीचा स्वतंत्र उल्लेख तीत नाही. केवळ जमिनीच्या पट्ट्यास पूर्वी जे छत्र होते ते यामुळे आकुंचित झाले. पन्नास वर्षे ज्या निश्चिंतीवर मुदतीचा प्रश्न सोडून दिला गेला, ती निश्चिंती एका व्याख्येच्या बदलाने ढळली. सार्वजनिक चर्चेत हा बदल जवळजवळ अलक्षित राहिला.

४. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती

१९४८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या मुंबई गृहनिर्माण मंडळाने उपनगराचा चेहरा बदलला. १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी दहिसर व मुलुंडपर्यंत महापालिकेची हद्द विस्तारली. १९५२ ची औद्योगिक कामगारांसाठीची अनुदानित गृहयोजना व १९५४ ची अल्प उत्पन्न गट योजना यांतून वसाहती उभ्या राहिल्या. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवार नगर व टागोर नगर, अंधेरीचे डी. एन. नगर व आझाद नगर ही त्यांतील सुपरिचित नावे. आरंभी यांतील पुष्कळ गाळे भाड्याने दिले गेले. कालांतराने ते रहिवाशांना मालकी तत्त्वावर देण्याचे धोरण आले. १९७६ च्या कायद्यान्वये ५ डिसेंबर १९७७ रोजी म्हाडा अस्तित्वात आली व मंडळाच्या जमिनी तिच्याकडे गेल्या.

येथे मालकीचे एक वेगळे रूप आढळते. म्हाडा संस्थेच्या नावे इमारतीचे विक्रीखत करून देते, तर जमिनीचा भाडेपट्टा करून देते. एकाच दिवशी, एकाच संस्थेशी दोन भिन्न स्वरूपाचे दस्त होतात. भिंती संस्थेच्या, भूमी म्हाडाची. घराची किंमत चुकवल्यावर आपण सर्वस्वी मालक झालो, अशी रहिवाशाची समजूत असते. परंतु हस्तांतरण, वाढीव बांधकाम व पुनर्विकास या तिन्ही बाबतींत म्हाडाच्या ना हरकत प्रमाणपत्राविना पुढे जाता येत नाही. अनेक संस्थांनी वर्षानुवर्षे अभिहस्तांतरण करून घेतले नाही. सेवाशुल्काची थकबाकी, मूळ वाटपदाराने केवळ मुखत्यारपत्रावर केलेली विक्री, अशा कारणांनी कागद अडून राहिले.

१९८५ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोप, गोराई येथे सेवायुक्त भूखंड देण्यात आले. तेथे लहान लहान संस्था स्थापून जमीन संस्थेस पट्ट्याने देण्यात आली. १९९५ च्या अखेरीस स्थापन झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनांतही हाच धागा आहे. सार्वजनिक जमिनीवरील योजनेत पुनर्वसन इमारतीच्या संस्थेस ३० वर्षांचा, आणखी ३० वर्षे नूतनीकरणक्षम, असा नाममात्र भाड्याचा पट्टा देण्याची तरतूद विकास नियंत्रण नियमावलीच्या विनियम ३३(१०) मध्ये करण्यात आली. खुल्या विक्रीच्या इमारतीखालील जमिनीसही तीच शर्त लागू केली. पूर्ण बाजारभावाने विक्री-इमारतीत घर घेणाऱ्या कुटुंबाचा हक्क अशा रीतीने ३० अधिक ३० वर्षांच्या पट्ट्याशी जोडला जातो. विक्रीच्या जाहिरातींत या मुदतीस सहसा स्थान नसते.

५. १९६३ चा मालकी सदनिका कायदा

भाडे गोठल्याने भाड्यासाठी घरे बांधण्याचा व्यवसाय मंदावला व ‘ओनरशिप’ सदनिकांचा उदय झाला. त्यातील गैरप्रकारांच्या चौकशीसाठी राज्य शासनाने २० मे १९६० च्या ठरावान्वये समिती नेमली. समितीने जून १९६१ मध्ये अहवाल दिला व त्यातून महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा, १९६३ साकारला. जमिनीवरील हक्काचे संपूर्ण प्रकटन (कलम ३), आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी लेखी व नोंदणीकृत करार (कलम ४), संस्था स्थापन करण्याचे दायित्व (कलम १०) आणि अभिहस्तांतरण (कलम ११) हे या कायद्याचे चार आधारस्तंभ होत. संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण व्हावे, असे नियमात सांगितले होते.

कलम ११ ची शब्दयोजना महत्त्वाची आहे. प्रवर्तकाने जमीन व इमारत यांतील ‘आपला’ हक्क, मालकी व हितसंबंध संस्थेस द्यावा, असे ते सांगते. प्रवर्तक स्वतः पट्टेदार असेल तर तो पट्ट्याचा उरलेला काळ तेवढा देऊ शकतो. ९९ वर्षांच्या पट्ट्यातील ५० वर्षे उलटली असतील तर संस्थेस ४९ वर्षेच मिळतात. ‘मालकी सदनिका’ या शीर्षकाने जी अपेक्षा निर्माण केली, ती कलमाच्या मजकुरात पूर्ण होत नव्हती. कायद्याने फसवणुकीस आळा घातला, परंतु मुदतीस हात लावला नाही. शिवाय बहुसंख्य प्रवर्तकांनी चार महिन्यांची मुदत पाळली नाही. भावी चटईक्षेत्राचा लाभ आपल्याकडे ठेवण्यासाठी अभिहस्तांतरण टाळणे त्यांच्या हिताचे होते.

६. जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतील जमिनी

शासनाने सहकारी संस्थांना दिलेल्या जमिनींचा वर्ग स्वतंत्र आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ व शासकीय जमिनींच्या विल्हेवाटीचे १९७१ चे नियम यांन्वये या जमिनी भोगवटादार वर्ग-२ म्हणून किंवा पट्ट्याने दिल्या गेल्या. सवलतीच्या दराने जमीन मिळाल्यामुळे सभासदांची पात्रता, हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व अनर्जित उत्पन्नातील शासनाचा वाटा अशा शर्ती आल्या. हे पट्टे ज्या काळात झाले त्या काळात शासकीय देणग्यांविषयीचा १८९५ चा कायदा लागू होता व त्यानुसार देणगीतील शर्ती मालमत्ता हस्तांतरण कायद्यापेक्षा वरचढ ठरत. पट्टेदाराच्या बाजूच्या सर्वसाधारण तरतुदींचा आधार तेथे दुबळा होता.

प्रत्यक्षात अनेक सभासदांनी परवानगीविना घरे विकली. दुसरा, तिसरा खरेदीदार आला. शर्तभंग पहिल्याने केला, त्याचा भार शेवटच्यावर पडला. ९ जुलै १९९९ च्या शासन निर्णयाने हस्तांतरण शुल्क आकारून अशी प्रकरणे नियमित करण्याची चौकट दिली. परंतु ज्या जमिनी सवलतीने नव्हे, तर निविदेद्वारे विकासकास पट्ट्याने दिल्या होत्या, तेथेही हे शुल्क मागितले जाऊ लागले. कफ परेड येथील जॉली मेकर अपार्टमेंट्सच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ही मागणी अमान्य केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. हे प्रकरण शहरातील असले तरी त्याचा धडा उपनगरासही लागू पडतो : जमीन शासनाची आहे एवढ्यावरून शुल्क देय होत नाही, ती कोणाला, कशी व कोणत्या शर्तीवर दिली गेली हे पाहावे लागते.

२०१९ मध्ये शासनाने वर्ग-२ व पट्ट्याच्या शासकीय जमिनी अधिमूल्य घेऊन वर्ग-१ मध्ये रूपांतरित करण्याचे नियम केले. मुदतीच्या प्रश्नास थेट भिडणारे हे पहिले महत्त्वाचे पाऊल होय. परंतु त्याची व्याप्ती महसूल विभागाच्या जमिनींपुरती आहे. म्हाडाच्या व खाजगी पट्टाकारांच्या जमिनी या नियमांच्या बाहेर राहतात. तसेच अधिमूल्याची रक्कम जमिनीच्या बाजारमूल्याशी निगडित असल्याने निवृत्त सभासदांच्या जुन्या संस्थांना ती उभी करणे कठीण जाते.

७. मानीव अभिहस्तांतरण

प्रवर्तक अभिहस्तांतरण करीत नाहीत, या दीर्घ अनुभवानंतर २००८ च्या दुरुस्तीने सक्षम प्राधिकाऱ्यास एकतर्फी, म्हणजे मानीव, अभिहस्तांतरणाचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मिळाला. तो जिल्हा उपनिबंधकांकडे आहे. उपनगरातील शेकडो संस्थांच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची ठरली, यात शंका नाही. तथापि पट्ट्याच्या जमिनीसंबंधी तिच्या मर्यादा स्पष्ट दिसतात. प्राधिकारी संक्षिप्त चौकशी करतो, मालकीहक्काचा अंतिम निवाडा करीत नाही. विलेपार्ले येथील एव्हॉन आर्केड संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हीच भूमिका मांडली. हक्काचा वाद असल्यास दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला राहतो. प्रवर्तकाकडे पट्टेदाराचा हक्क असेल तर मानीव अभिहस्तांतरणानेही संस्थेस तेवढाच हक्क मिळतो. पट्टाकाराचा मुदतीअखेर जमीन परत मिळण्याचा हक्क त्याने लोप पावत नाही.

स्थावर संपदा कायदा, २०१६ ने नव्या प्रकल्पांसाठी एक उपयुक्त भर घातली. पट्ट्याच्या जमिनीवरील प्रकल्पात पट्ट्याचा कालावधी व सर्व देणी चुकती केल्याचे दर्शवणारे प्रमाणपत्र प्रवर्तकाने मिळवून खरेदीदारांच्या संघास उपलब्ध करावे, असे कलम ११(४) सांगते. खरेदीदारास उरलेली मुदत कळली पाहिजे, ही गोष्ट १९६३ नंतर अर्धशतकाने कायद्याच्या भाषेत एवढ्या स्पष्टपणे आली.

८. खरेदीदारापुढील प्रश्न आणि निराकरणाचा क्रम

उपरोक्त इतिहासावरून हे स्पष्ट होते की, पट्ट्याच्या जमिनीवरील घराच्या अडचणी एकाच प्रकारच्या नाहीत. पट्टाकार कोण, यावर उपाय अवलंबून असतो. म्हणून निराकरणाचा क्रम पुढीलप्रमाणे असणे तर्कसंगत ठरते.

पहिली पायरी म्हणजे पट्टाकाराची ओळख. मिळकत पत्रिकेवरील सत्ताप्रकार व धारकाचे नाव पाहून जमीन शासनाची, म्हाडाची, महापालिकेची की खाजगी, हे निश्चित करावे. विक्रेत्याच्या करारनाम्यातील जमिनीच्या वर्णनावर विसंबू नये. तेथे पूर्वीच्या मसुद्याची नक्कल होत आलेली असते.

दुसरी पायरी मूळ पट्टादस्ताचे वाचन. मुदत केव्हा सुरू झाली, किती उरली, नूतनीकरण पट्टेदाराच्या इच्छेवर की पट्टाकाराच्या मर्जीवर, त्यासाठी मागणी केव्हा करावयाची, मुदतीअखेर इमारतीचे काय, हस्तांतरणास संमती लागते काय, हे सहा प्रश्न विचारावेत. कलम १०८ (जे) अन्वये पट्टेदारास सामान्यतः हक्क हस्तांतरित करता येतो. पण विरुद्ध करार असल्यास करार लागू होतो. नूतनीकरणाचा पर्याय असूनही तो वेळेत वापरला नाही किंवा नवा दस्त नोंदवला नाही, तर पर्याय कागदावरच राहतो, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकतो (कलम १०७).

तिसरी पायरी मधल्या हस्तांतरणांची साखळी. प्रथम वाटपदारापासून विक्रेत्यापर्यंतचा प्रत्येक दस्त, त्याची सूची क्रमांक दोन, भरलेले मुद्रांक शुल्क व जेथे आवश्यक तेथे पट्टाकाराची परवानगी तपासावी. एखादी कडी सुटली असेल तर ती खरेदीपूर्वी, विक्रेत्याच्या खर्चाने नियमित करून घ्यावी. हस्तांतरण शुल्काची मागणी झाल्यास ती जमीन देण्याच्या मूळ पद्धतीस लागू पडते काय, हे पाहूनच मान्य करावी. खरेदीनंतर विक्रेता हाती लागत नाही आणि दायित्व घरासोबत येते.

चौथी पायरी संस्थेची स्थिती. संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण वा पट्ट्याचे हस्तांतरण झाले आहे काय, भुईभाडे व अकृषिक आकारणी चुकती आहे काय, पट्टाकाराने शर्तभंगाची नोटीस दिली आहे काय, या गोष्टी एकट्या सदनिकाधारकाच्या हाती नसतात. भाडे थकल्यामुळे पट्टा संपुष्टात आणला गेल्यास थकबाकी, व्याज व खर्च भरून न्यायालयाकडून दिलासा मिळवण्याची सोय कलम ११४ मध्ये आहे. परंतु तो न्यायालयाच्या विवेकाधीन आहे. संस्थेचे कार्यवृत्त वाचल्याशिवाय या बाबी खरेदीदारास कळत नाहीत.

पाचवी पायरी मुदत संपलेल्या पट्ट्यांची. भाडे स्वीकारले जात असेल तर कलम ११६ अन्वये पट्टा चालू राहिल्याचे मानता येते, पण तो वर्षानुवर्षाचा किंवा मासिक स्वरूपाचा ठरतो; त्यावर वित्तसंस्था कर्ज देण्यास कचरते व पुनर्विकासकही पुढे येत नाही. शासकीय जमिनींच्या संपलेल्या पट्ट्यांसाठी राज्याने २०१२ मध्ये नूतनीकरणाचे धोरण आखले व भाडे जमिनीच्या प्रचलित मूल्याशी जोडले. जुन्या नाममात्र भाड्याच्या तुलनेत ही वाढ मोठी असल्याने संस्था व शासन यांत वाद उद्भवले. खाजगी पट्टाकारांच्या बाबतीत वाटाघाटीने त्यांचा हक्क विकत घेणे हाच टिकाऊ उपाय दिसतो. वारस अज्ञात असल्यास दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो.

या पाचही पायऱ्यांत एक समान सूत्र आहे. सभासदाचे हित वैयक्तिक असले तरी उपाय सामुदायिक असतो. पट्ट्याचे नूतनीकरण, रूपांतरण वा अभिहस्तांतरण एका कुटुंबास करता येत नाही. संस्थेने ठराव करावा लागतो, निधी उभारावा लागतो. ज्या संस्थेत निम्मे सभासद स्वतः राहतात व निम्म्यांनी घरे भाड्याने दिली आहेत, तेथे ही एकवाक्यता दुर्मीळ होते. पंतनगरसारख्या जुन्या वसाहतींत पुनर्विकासाच्या निमित्ताने जे मतभेद दिसतात, त्यांमागे केवळ विकासकाची निवड नसते. साठ-सत्तर वर्षे न सोडवलेला हक्काचा प्रश्नही असतो.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) उपनगरातील पट्टाधारित घरांच्या अडचणी केवळ अलीकडच्या बांधकाम व्यवसायाने निर्माण केलेल्या नाहीत. साष्टीतील शेतीप्रधान जमीनदेणग्या, सुधार न्यासाची नियंत्रणदृष्टी आणि स्वातंत्र्योत्तर राज्याची कल्याणदृष्टी या तीन वेगळ्या हेतूंनी घडलेले हक्क एकाच शहरात एकावर एक रचले गेले.

(२) १९४७, १९५३, १९६३ व २००८ या वर्षांच्या कायदेशीर हस्तक्षेपांनी ताबा व व्यवहाराची सुरक्षितता वाढवली. पट्ट्याची मुदत आणि मुदतीअखेरचा हक्क यांस त्यांनी स्पर्श केला नाही. २०१९ चे नियम हा अपवाद आहे, पण तो अपूर्ण आहे.

(३) ‘मालकी सदनिका’ हा शब्दप्रयोग ऐतिहासिकदृष्ट्या एका आकांक्षेचे नाव आहे. कायद्याच्या दृष्टीने अशा घरातील हक्क हा संस्थेमार्फत भोगलेला, शर्तबद्ध व अनेकदा कालमर्यादित हक्क होय. करारनाम्याच्या पहिल्याच पृष्ठावर पट्टाकाराचे नाव व उरलेली मुदत लिहिण्याचे बंधन पुनर्विक्रीच्या व्यवहारांनाही लागू करणे इष्ट ठरेल.

(४) सार्वजनिक पट्टाकारांनी आपल्या जमिनींवरील पट्ट्यांची मुदतनिहाय सूची प्रसिद्ध केल्यास खरेदीदार, संस्था व अभ्यासक या तिघांचेही हित साधेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिलेले पट्टे एकामागून एक संपण्याच्या टप्प्यावर येत असताना, ज्या पिढीने आयुष्याची मिळकत या घरांत घातली तिला आपल्या हक्काची लांबी ठाऊक असणे ही किमान न्यायाची अपेक्षा आहे.